आतोबांचा उजवा डोळा

सर्व संबंधितांनी हातातली कामे बाजूला ठेवावीत, तोंडातले पान थुंकून यावे आणि सावरून बसावे, कारण मी एक अत्यंत गंभीर घोषणा करणार आहे. माझ्या आत्याच्या यजमानांइतका न्यायी माणूस चौलात, रेवदंड्यात, किंबहुना अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात आजवर झालेला नाही. आणि याच न्यायबुद्धीपायी त्यांनी स्वतःच्या एका निरपराध डोळ्याला जवळजवळ फासावर चढवले होते. घोषणा संपली. ज्यांना पुन्हा पान खायचे असेल त्यांनी खावे.

आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. अंगाने पोफळीसारखे सरळसोट आणि काटकुळे, कमरेला पंचा, पंच्याला मागे आकडीत अडकवलेला कोयता, आणि चेहऱ्यावर नुकताच कोणाचा तरी निवाडा करून उठल्याचा भाव. चौलात त्यांची नारळ-पोफळीची वाडी होती. विहिरीवर रहाट, रहाटाला रेडा, रहाटाच्या लोट्यांतून पडणारे पाणी दगडी दोणीत आणि तिथून पाटाने झाडोझाडीच्या आळ्यांत. आता वाडी शिंपायची तर सगळे लोक पाटाच्या तोंडापासून सुरुवात करतात आणि टोकाशी जातात. आतोबांना हे साफ नामंजूर होते. सकाळी उठून ते आधी सबंध वाडीला फेरी घालीत, कोणाची झावळी मलूल आहे, कोणाचा बुंधा उदास दिसतो याची पाहणी करीत, आणि त्या रोगट झाडापासून त्या दिवशीच्या शिंपण्याला आरंभ होई. मग ते झाड वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला का असेना! तेवढ्यासाठी सगळे बांध फोडून पाट फिरवायचा, आणि वाटेतल्या धडधाकट पोफळींनी पायाशी पाणी वाहताना पाहून जीभ चावत उभे राहायचे. "दुबळ्याला आधी," आतोबा म्हणत. "धडधाकट आहे त्याला वाट बघायला काय झालं?"

हा कायदा वाडीपुरता असता तर आत्याने चालवून घेतला असता. पण तो घरात, गोठ्यात, देवळात, सगळीकडे लागू होता. पंगतीत आतोबा वाढायला उठले की जो सगळ्यांत किरकोळ दिसेल त्याच्या पानावर लाडवांचा डोंगर होई आणि त्याच्या शेजारचा पैलवान कोरड्या पानाकडे बघत राही. एकदा त्यांनी मुंबईहून आलेल्या एका सडपातळ वकिलाला इतके खाऊ घातले, की त्या बिचाऱ्याला दोन दिवस माजघरात आडवे ठेवावे लागले, आणि आतोबा त्याच्या उशाशी बसून "बघ, आता जरा तुकतुकी आली," असे आत्याला सांगत होते. सोंगट्या खेळायला बसले तर त्याहून कठीण. डाव अर्ध्यावर आला, समोरचा हरू लागला, की आतोबांना राहवत नसे. ते उठून त्याच्या बाजूला जाऊन बसत आणि स्वतःच्याच सोंगट्या मारू लागत. मग ही बाजू हरायला लागली की पुन्हा इकडे. त्यामुळे चौलात त्यांचा एकही डाव कधी संपल्याचे कोणी पाहिलेले नाही. "अहो, कोणीतरी जिंका एकदाचं!" म्हणून आत्या आतून ओरडे. "दिवेलागण झाली!"

आणि त्या दिवेलागणीनेच पुढचा सगळा घोटाळा सुरू झाला.

एका संध्याकाळी आत्याने देवापुढे समई लावली आणि आतोबा तिच्याकडे टक लावून बघत राहिले. ज्योतीभोवती त्यांना रंगीत कडे दिसत होते. आत जांभळे, बाहेर तांबडे, इंद्रधनुष्य गोल वळवून ठेवावे तसे. दुसऱ्या कोणालाही ते दिसेना. आतोबा गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी देवळात जाऊन सांगितले, की मला ज्योतीची प्रभावळ दिसते. त्यावर दोघा-तिघा भाविकांनी त्यांना वाकून नमस्कार केला, एका म्हातारीने नातीच्या लग्नाचे विचारले, आणि आतोबा तब्बल एक पावसाळा साक्षात्कारी पुरुष म्हणून चौलात वावरले. आत्यालाही ते ऐकवीत: "तुझ्या समईला नुसती ज्योत. माझ्या समईला मखर!" आत्या म्हणे, "मखरात बसायचंच तेवढं राहिलं होतं तुमचं."

प्रभावळीच्या पाठोपाठ वाडीतली झाडे हलू लागली. म्हणजे आतोबांचे म्हणणे तसे. चालता चालता उजवीकडून एखादी पोफळ येऊन त्यांच्या खांद्यावर आदळे. चाळीस पावसाळे ज्या वाटेने ते डोळे मिटून चालले, त्या वाटेवर आता झाडे बेशिस्तीने पुढे सरकत होती. रहाट हाकणाऱ्या धर्मा गड्याला त्यांनी जाब विचारला, "ही पोफळ काल इथे नव्हती. कोणी लावली?"

"मालक, तुमच्या बापानं लावली," धर्मा म्हणाला. "ती जाग्यावरच हाय. न्हाय हलली."

मी त्या वेळी मुंबईत गिरगावात खोली घेऊन राहत होतो. आत्याचा निरोप आला, तशी मी जाऊन आतोबांना घेऊन आलो. रेवसपर्यंत मोटार आणि तिथून आगबोट. बोटीतही न्याय सुटला नव्हता. सगळे उतारू सावलीच्या बाजूला बसले म्हणून बोटीच्या दुसऱ्या बाजूवर अन्याय होतो, असे म्हणून हे गृहस्थ भर उन्हात एकटे तिकडे जाऊन बसले, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचे झाले होते.

डोळ्यांचे डॉक्टर मोठे नावाजलेले आणि फार कमी बोलणारे. त्यांनी आतोबांना खाली बघायला सांगितले, मिटल्या पापणीवर दोन्ही तर्जन्या ठेवून डोळा हलकेच दाबून पाहिला, मग अंधारी खोली, आरसा, दिवा, भिंग असे बराच वेळ चालले. शेवटी म्हणाले, "काचबिंदू."

एवढ्यावर दुसरा रोगी उठला असता. आतोबांनी मांडी घालून घेतली. खुर्चीवर.

"म्हणजे आत नक्की झालंय काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

"डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं," डॉक्टर म्हणाले. "एका बारीक वाटेने ते निघून जातं. तुमची ती वाट तुंबली आहे."

"मोरी तुंबली."

"मोरी म्हणा. पाणी साचलं, की आतला दाब वाढतो. डोळ्याच्या मागे नस आहे, ती रक्तावर जगते. दाब वाढला, की रक्ताला आत शिरायला जड जातं. नस उपाशी राहते आणि हळूहळू मरते."

"मुळाशी पाणी तुंबलं, की पोफळ उभ्या उभ्या पिवळी पडते. तसं."

"तसं," डॉक्टर म्हणाले, आणि मला वाटते त्या दिवशी प्रथमच ते रोग्याकडे माणूस म्हणून बघत होते. त्यांनी एक लहानशी बाटली काढली. "हे थेंब घातले, की बाहुली आवळते, मोरीचं तोंड ओढलं जाऊन उघडतं, पाणी ओसरतं. दाब उतरला, की रक्ताची वाट मोकळी. थोडा वेळ कपाळ दुखेल, अंधारल्यासारखं वाटेल. डोळा लालही होईल. ते वरवरचं आहे. पांढऱ्यावरच्या शिरा थोड्या फुगतात, एवढंच. तिकडे लक्ष देऊ नका."

मग ते म्हणाले, "उजव्यात आता राम नाही. तो गेला. डावा राहिला आहे. दिवसातून तीन वेळा, न चुकता, डाव्यात. तो गेला तर मग काही नाही. उजवा फारच दुखला तर एखादा थेंब त्यात घाला."

या शेवटच्या वाक्याची फट एवढीशी होती. पण आतोबांनी पुढे तिच्यातून बैलगाडी नेली.

चौलला परतल्यावर आतोबा नेत्रवैद्य झाले. भेटेल त्याला ओसरीवर बसवून "खाली बघ" म्हणायचे आणि त्याच्या पापणीवर तर्जन्या ठेवून दाब पाहायचा. शहाळे हातात घेऊन ज्या गांभीर्याने पारखावे, तसे. "तुझा बरा आहे," "तुझा जरा चढा वाटतो, मिरच्या कमी खा," असे निकाल जागच्या जागी मिळत. गावच्या खोताने स्वतःचे डोळे दाखवले आणि दाब अगदी उत्तम निघाला म्हणून आनंदाने नारळ पाठवले. आतोबांनी ते परत केले. आमच्याकडेच नारळ आहेत, असे कळवले. आत्याचे डोळे तर दर चतुर्थीला तपासले जात. ती पोळ्या लाटताना डोळे मिटून बसे आणि म्हणे, "दाबा. पण पोळी करपली तर ती तुमच्याच पानात."

थेंब मात्र ते कोणाला घालू देत नसत. पाट मालकाने स्वतः फिरवावा, दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असे त्यांचे मत. सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला ते ओसरीच्या कोपऱ्यात पाठ करून बसत, मान मागे टाकीत, आणि मग हातात आरसा धरून बराच वेळ आत बघत राहत. "आला!" असे समाधानाने म्हणत. काय आला, ते आत्याने कधी विचारले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने बरेच काही विचारायचे सोडून दिले होते.

शिमग्याला मी चौलला गेलो. दुपारी पंगतीला आतोबांच्या समोरच माझे पान होते. जेवता जेवता माझ्या लक्षात आले, की डाव्या हाताला ठेवलेली कोशिंबिरीची वाटी त्यांना सापडत नाही. ते पानावरून बोटे चालवीत तिच्या शेजारून जात होते आणि तिथे वाटी नसल्यासारखे परत येत होते. मी नीट त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांचा उजवा डोळा जास्वंदीसारखा लालभडक होता, बाहुली मोहरीएवढी. डावा पांढरा स्वच्छ होता आणि त्याची बाहुली मोठी, काळीभोर.

औषधाने डोळा लाल होतो, बाहुली आवळते, हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले होते. मग हा पांढरा डोळा इतका शांत कसा?

"आतोबा, थेंब कोणत्या डोळ्यात घालता?"

"उजव्यात," आतोबा म्हणाले. आवाजात लाज नव्हती की लपवाछपवी नव्हती. "त्याला गरज आहे. बघ कसा भरून येतो! आरशात बघतो मी रोज. घातला थेंब, की हळूहळू शिरा दिसायला लागतात, तांबडं पसरत जातं, अगदी पाटात पाणी सोडल्यासारखं. रक्त येतंय. म्हणजे जीव आहे."

"आणि डाव्यात?"

"बाटली केवढीशी, ती येते मुंबईहून. उरलं तर घालतो. शिवाय त्यात घातलं, की अंधारतं, मग वाडीत काम कसं करणार? तो धडधाकट आहे. त्याला वाट बघायला काय झालं?"

वाढायला वाकलेल्या आत्याने हातातली पळी तशीच पातेल्यात टाकली. तिला सगळे कळायला माझ्यासारखी डॉक्टरांची आठवण लागली नाही. दुबळ्याला आधी पाणी मिळणारी ती सबंध वाडी तिने डोळ्यांपुढे आणली असावी. "अहो, तुम्ही..." ती म्हणाली. आत्याचे वाक्य अर्ध्यावर राहिलेले मी तेव्हा प्रथम पाहिले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. या वेळी आत्याही आमच्याबरोबर. बोटीत आतोबा मुकाट्याने सावलीत बसले, कारण तिने त्यांच्या पंच्याचे टोक मुठीत धरून ठेवले होते.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर बोटे ठेवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सुपारी झालीय याची, इतका टणक," ते म्हणाले. इतका वेळ न बोलणारा तो माणूस, मग जो सुटला! "मी काय सांगितलं होतं? मेलेल्याला पाजताय आणि जगणाऱ्याला मारताय? तो लालपणा बघून भुललात? अहो, ते बाहेरचं रक्त. ओटीवर दिवाळी केलीत आणि आत माजघरात माणूस उपाशी मरतंय! आता याच्यात जेवढं उरलंय तेवढंच. गेलेलं परत येणार नाही. उरलेलंही जाईल, असेच वागलात तर."

"पण तो मेला, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" आतोबा म्हणाले. हळू, पण वाडीत वाद घालावा तसे. "माझी विहिरीकडची पोफळ सगळ्यांनी मेली म्हणून सोडली होती. मी पाणी तोडलं नाही. आली ना वर."

डॉक्टर आता पुन्हा ओरडणार, असे मला वाटले. पण ते स्टूल ओढून आतोबांच्या समोर बसले. त्यांचे गुडघे एकमेकांना लागले.

"तुमच्या वाडीत असं एकही झाड नाही, की ज्याला सोडून द्यावं लागतं?"

बाहेरून घोडागाडीची घंटी आली आणि गेली.

"शेंडा कुजला की," ते म्हणाले. "माडाचा, पोफळीचा, कोणाचाही. शेंडा गेला की संपलं. मग कितीही पाणी घाला."

"मग काय करता?"

"पाणी बंद करतो. पण लगेच तोडत नाही. वर्षभर उभा ठेवतो. जागेला सवय व्हायला हवी."

"याचा शेंडा गेला आहे," डॉक्टर म्हणाले. "तोडायचं नाहीये मला. उभा असू दे. फक्त पाणी बंद."

आतोबांनी मान डोलावली. उजव्या डोळ्यातून पाणी येत होते; पण ते थेंबांमुळे असेल, त्यावरून मी काही ठरवणार नाही.

त्या दिवसापासून थेंबांचा कारभार आत्याकडे गेला. आतोबा ओसरीच्या कडेला मान मागे टाकून बसत आणि आत्या डाव्यात थेंब घाली. कपाळात मेख ठोकल्यासारखे दुखे, ओसरीत भर दुपारी संध्याकाळ होई, पण ते हूं की चूं करीत नसत. डोळा वाचला. अगदी पुरता नव्हे. उरली होती ती नजर वेळूच्या नळीतून बघावे तशी, मधली तेवढी. पण ती नजर त्यांना अखेरपर्यंत पुरली. सोंगट्यांचा सबंध पट त्यांना एका वेळी दिसत नसे, त्यामुळे कोण हरते आहे ते कळत नसे, आणि नाइलाजाने त्यांचे डाव आता संपू लागले होते. ते वाडीत हिंडत तेव्हा एकेका झाडापुढे थांबत, नळी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश नेत, आणि मग पुढच्या झाडाकडे वळत. पूर्वी एका फेरीत सगळी वाडी तपासणारा माणूस आता एकेका पोफळीला एवढा वेळ देतो, हे बघून मला वाईट वाटे. एकदा तसे मी बोललोही. ते म्हणाले, "अरे, पूर्वी मी फक्त आजारी झाडं बघत होतो. बरी असलेली कशी दिसतात, ते आता कळतंय."

पुढल्या गणपतीला मी गेलो होतो. तिन्हीसांजेची वेळ. आत्याने कोपऱ्यातली बाटली काढली, डाव्या डोळ्यात थेंब घातला, पदराने गाल टिपला. मी जेवणाचे पाट मांडायला निघालो होतो. तेवढ्यात पाहतो तो तिने बाटली ठेवून शेजारचे झाकलेले फुलपात्र उघडले, त्यात कापसाचा बोळा बुडवला, आतोबांची मान दुसऱ्या बाजूला कलवली आणि उजव्या डोळ्यातही एक थेंब पिळला. आतोबा डोळे मिटून शांत बसून राहिले. जणू रोजचेच.

मी तिला स्वयंपाकघरात गाठले. "आत्या, काय घातलंस त्यांच्या उजव्या डोळ्यात?"

"पाणी. उकळून गार केलेलं."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?"

"औषध नको म्हटलंय."

"अगं, पण पाणी तरी कशाला? तो डोळा गेलाय. त्याला काय कळतंय?"

जन्मभर नवऱ्याच्या न्यायाला वेडेपणा म्हणत आलेली माझी आत्या माझ्यावर एकदम उसळली. चुलीपुढून फुंकणी उगारून, ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वा रे वा! एकाच्या पानात वाढायचं आणि शेजारच्याला नुसतं बघत बसवायचं होय?"